रेच्यावाल्या बायांचं वेगळं करा

आमच्या वस्तीत कोणाचा खोकला हटेना झाला की घरचे त्याला माझ्याकडे पाठवतात. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. चौथीपर्यंत शिकले आणि अकोल्यात एका जिनात रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, काम करते. पण मला क्षय झाला होता आणि मी त्यातून उठले, एवढ्यावर लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहून ठेवते आहे. औषधांचं लिहिणार नाही. ते डॉक्टर सांगतील, आणि आता औषधं बदललीही आहेत. डॉक्टर सांगत नाहीत ते लिहिते. हा रोग एकट्या माणसाच्या छातीत राहत नाही. तो घरात शिरतो. आणि चार लोकांनी मिळून काही उभं केलं असेल, तर त्यातही शिरतो.

फंड

जिन दिवाळीनंतर सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. लांब शेड, दोन्ही बाजूंना रेचे, प्रत्येक रेच्यासमोर एक बाई. आपण कापूस टाकत राहायचा. पलीकडून रुई निघते, खाली सरकी पडते. हवेत रुईचा भुरका एवढा असतो की समोरच्या रांगेतल्या बाईचं तोंड धड दिसत नाही. तोंडाला पदर बांधून आम्ही काम करायचो. तिथं सगळ्याच खोकायच्या, त्यामुळे कोणाचा खोकला कसला, हे कोणी विचारत नव्हतं.

रेच्यावर बहुतेक आमच्याच वस्तीतल्या बाया. नागपूरला जाऊन आम्ही बुद्धधम्माची दीक्षा घेतली, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. धर्म बदलला होता, रेचा तोच होता. आमचे हे, म्हणजे दशरथ, शेजारच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. इंजिनघर सांभाळायचे इस्माईल मिस्त्री. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आणि काट्यावर, कापसाच्या गाड्यांचं वजन करायला, देवरावबाबू.

फंड काढला तो चाचांनी. प्रेसमधला किसन नावाचा हमाल तापाने घरीच दगावला. डॉक्टर आणायला घरात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याची बायको गेटावर पदर पसरून उभी राहिली आणि प्रत्येकाने खिशात होतं ते टाकलं. चाचा बघत होते. जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, "मेल्यावर देता ना सगळे? मंग तो जिता होता तवा काहून नाई दिलं?"

पुढच्या पगारापासून सगळ्यांनी दर आठवड्याला सारखंच काही टाकायचं ठरलं. बाबू असो की रेच्यावाली बाई. जो पडेल त्याचं औषधपाणी त्यातून, आणि तो उठेपर्यंत घराला थोडा आधार. कोण किती वेळा पडला, कशाने पडला, हे विचारायचं नाही. हा शेवटचा नियम देवरावबाबूंनी सुचवला होता, हे मी मुद्दाम लिहिते. माणूस वाईट नव्हता.

पहिली दोन सालं फंड छान चालला. कोणाचा हात गाठीखाली आला, कोणाचं बाळंतपण अडलं, कोणाला टायफॉईड झाला. कधी पदर पसरावा लागला नाही.

रुईवर

माझ्या शेजारच्या रेच्यावर गोदा होती. नवऱ्याने टाकलेली, आमच्याच वयाची, तोंडाने फटकळ. आम्ही दोघी सोबतच जायचो, सोबतच यायचो.

त्या हंगामात मला संध्याकाळी अंग तापल्यासारखं वाटायचं. भूक मेली होती. लुगडं कमरेला राहीना. मला वाटलं, मुलीला अजून अंगावर पाजते म्हणून असेल. एके दुपारी कापूस टाकता टाकता खोकल्याची उबळ आली. पदर सुटला होता. समोर रुई पडत होती, त्यावर मी खोकले आणि पाहते तर पांढऱ्या रुईवर लाल ठिपके.

मी तशीच उभी. रेचा चालू होता, वरून नवी रुई पडत होती, ठिपके झाकले जात होते. गोदाने हात घालून तेवढी रुई उचलली, मुठीत दाबली आणि ओच्यात खोचली.

"कोनाले सांगू नको," मी म्हणाले.

"मी काहून सांगू? पन तू दशरथभाऊले सांग. आजच सांग."

ती रुई तिने ओच्यात ठेवली होती. मला त्याचं पुढे कितीतरी दिवस भय वाटत राहिलं. डॉक्टर म्हणाले, रोग तसा लागत नाही, एका हवेत राहून लागतो. एका हवेत तर आम्ही रोजच होतो.

तो शब्द

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडाला धरून ते ह्यांच्याशी बोलले, माझ्याशी नाही. मी बाकावर बसले होते, हातभर अंतरावर. "डाव्या बाजूला आहे. अमरावतीला ठेवावं लागेल. सुया पूर्ण घ्याव्या लागतील. मध्ये सोडलं तर मग कशाचाच उपयोग होणार नाही." मग त्यांनी तो शब्द उच्चारला. ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

मला आधी माझी मुलगी आठवली. सकाळीच मी तिला पाजलं होतं.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि मुलीला माझ्या मांडीवरून उचललं. मुलीने हात पुढे केले, रडली, आणि त्या तिला घेऊन शेजारी गेल्या. दुसऱ्या दिवशी माझी ताटली-वाटी वेगळी झाली. मी रागावले नाही असं म्हणणार नाही. पण मुलगी वाचली ती त्यांच्यामुळे. ज्यांच्या घरात हे घडतं आहे त्यांना सांगते: ताटली वेगळी करा, पण वेगळी करताना माणसाच्या तोंडाकडे बघा. सासूबाई बघत नव्हत्या. घरातले देव आम्ही काढले होते, त्या रिकाम्या कोनाड्याकडे त्यांची नजर जायची, आणि मग त्या स्वतःवरच चिडायच्या.

"तिले माहेरी पाठव," त्या ह्यांना म्हणाल्या. "तिथं तिची माय पाहीन."

"माहेरी काय हाय? वावर नाई, दवाखाना नाई."

"अमरावतीच्या सुयाचं कोन करीन मंग? तू?"

"फंड हाय, माय."

हे ज्या भरवशाने बोलले, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

अमरावती

चाचा आणि हे मला घेऊन गेले. बडनेऱ्याला गाडी बदलली. गाडीत मी खिडकीशी, तोंडावर पदर. कोणी विचारलं तर चाचा म्हणायचे, "बेटीचे दात दुखतात."

क्षयाचा दवाखाना गावाबाहेर होता. लांब वऱ्हांडे, लोखंडी खाटा, चारी बाजूंनी वारा. सकाळी ताप पाहायचा, मग दूध, मग सुई. सुई कमरेत. एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला. पुढे पुढे बसायला जागा राहत नाही. एक भुकटी घ्यावी लागे, ती पोटात गेली की सगळं वर येई. झाकणाच्या डब्यातच थुंकायचं. दुपारी पडून राहायचं, बोलायचंही नाही. कान वाजायला लागले. जिन बंद झाल्यावरही कानात रेचे चालतात तसं. चालताना भिंत धरावी लागे. सुईने तसं होतं असं नर्सबाई म्हणाल्या. मला ते आधी कोणी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते, म्हणून इथं लिहिते.

माझ्या बाजूच्या खाटेवर अचलपूरच्या मथुराबाई होत्या. मनाने मऊ, वयाने मोठ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "गादी उन्हात टाकलेली दिसली तं त्या खाटेकडं पाहू नको."

मी विचारलं, काहून.

"घरी गेलेल्याची गादी बी उन्हात टाकतात अन् दुसरीकडं गेलेल्याची बी. आपल्याले कसं कळन?"

मग मला सवयच लागली. सकाळी डोळे उघडले की आधी वऱ्हांड्याच्या टोकाला पाहायचं. कोणती गादी उन्हात आहे. कधी एक, कधी दोन. नर्सबायांना विचारलं तर त्या म्हणायच्या, "घरी गेली." सगळ्याच घरी जायच्या.

मी हिंमत धरून होते ती एका गोष्टीवर. दर पंधरवड्याला हे यायचे, आणि सुयांची सोय करून जायचे. तेव्हा दवाखान्यात सगळं मिळत नसे, सुया बाहेरून आणून द्याव्या लागत. पहिल्या खेपेला गोदाही आली. तिने मला तिळाची चटणी आणली होती, नर्सने खाऊ दिली नाही. गोदा नर्सशी भांडली. भांडताना तिला खोकला आला. तिने पदर तोंडाशी घट्ट धरला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भुरका लय झाला यंदा."

देवरावबाबू

अमरावतीला देवरावबाबूंची बहीण दिली होती. एके दुपारी ते संत्री घेऊन माझ्या खाटेपाशी आले. धोतराचा सोगा नाकाशी धरला होता, मग लाज वाटून त्यांनी तो सोडला आणि दोन पावलं मागे उभे राहिले.

"यमुनाबाई, तुमच्या तोंडावर सांगायले आलो. मागून बोलणं मले जमत नाही."

"सांगा ना भाऊ."

"फंडाचं. माझा तुमच्यावर राग नाही. पण पाहा, काट्यावरचा माणूस सालात एखादवेळ तापानं पडते. इंजिनवाले क्वचित. अन् रेच्यावाल्या बाया सालभर खोकून राहिल्या. आज तुम्ही, उद्या आणखी कोणी. देणं सारखं अन् घेणं असं. सगळे म्हणून राहिले, रेच्यावाल्या बायांचं वेगळं करा."

"सगळे म्हंजे कोन?"

"ऑफिस. फिटर. प्रेसमधलेही बरेच."

मी उठून बसले. बसलं की कान जास्त वाजायचे. "भाऊ, रेच्यावर कोनं उभं राहायचं अन् काट्यावर कोनं बसायचं, हे कोनं ठरवलं?"

"मी तर नाही ठरवलं."

"मी बी नाई."

ते मग म्हणाले, "जिथं धोका जास्त, तिथं देणं जास्त. दुनियेत सगळीकडं असंच आहे, बाई. ज्याचं घर गवताचं त्याले विम्यावाला जास्त मागते."

"अन् जिथं धोका जास्त तिथं मजुरी कमी, हे बी सगळीकडं असंच हाय का?"

त्यांनी संत्र्याची पिशवी खाटेच्या पायथ्याशी ठेवली. "माझ्या घरी तीन पोरी आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "एकीची छाती आधीच नाजूक. उद्या तिचं काही झालं अन् फंडात काही उरलं नसलं, तर मी कोणाकडं जाऊ? तुम्हीच सांगा."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि माझी भीती आणि त्याची भीती एकाच जागची होती. मी एवढंच म्हणाले, "पोरीचा फोटो काढून घ्या भाऊ, आताच."

ते गेल्यावर मथुराबाई म्हणाल्या, "शहाणा मानूस हाय."

"हो."

"शहान्यायचंच भेव वाटते मले."

पातळ होत गेलेलं

पुढचं मला चाचांनी सांगितलं. ते एकटेच आले होते त्या दिवशी. सभा झाली होती, जिनाच्या आवारात, लिंबाखाली. देवरावबाबू नीट बोलले, कोणाला टोचेल असं काही न बोलता. ऑफिसवाले आणि फिटर वेगळे झाले. आपला वेगळा फंड काढला. चाचा स्वतः इंजिनवाले, त्यांना तिकडं बोलावलं होतं. गेले नाहीत.

"तुमी काहून नाई गेले चाचा? तुमाले तं खोकला बी नाई."

"बेटी, खोकल्याले विचारून थोडी फंड काढला होता."

प्रेसवाल्यांतले निम्मे तिकडं गेले. ह्यांनाही तिकडून निरोप आला: तू ये, पण बायकोचं तिकडं धरायचं नाही. ह्यांनी काय उत्तर दिलं ते चाचांनी मला सांगितलं नाही, फक्त हसले.

मग जे झालं ते झाडाची पानं गळावीत तसं नव्हतं, जास्त लवकर झालं. इकडच्या फंडात आता देणारे थोडे आणि पडणारे तेवढेच. म्हणून प्रत्येकीचं देणं वाढवावं लागलं. वाढवलं तशा तरण्या, धडधाकट बाया म्हणाल्या, आमाले कुठं काय झालं, आमी काहून एवढं द्यावं. त्या गेल्या. त्या गेल्या म्हणून पुन्हा वाढवावं लागलं. पुन्हा काही गेल्या. शेवटी राहिल्या त्या, ज्यांना स्वतःच्या छातीचा भरवसा नव्हता.

हे मला चाचा तुकड्या-तुकड्याने सांगत. मी प्रत्येक वेळी विचारायची, "अजून हाय ना?" ते म्हणायचे, "हाय, हाय." सुया येत होत्या. पण ह्यांच्या अंगावरचा सदरा तोच असायचा, आणि हातातलं घड्याळ, जे त्यांना लग्नात मिळालं होतं, ते एका खेपेला दिसलं नाही. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

आणि गोदा आली नाही. पुढच्या खेपेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी तिचं नाव काढलं की हे मुलीचं काहीतरी सांगायचे. तिला दात आले. ती आता आजीला आई म्हणते. चाचांना विचारलं तर ते चष्मा पुसायचे. मग मी विचारणं सोडलं. ज्या गोष्टीचं उत्तर कोणी देत नाही, ते उत्तर आपल्याला ठाऊकच असतं, फक्त त्याला हात लावायचा धीर होत नाही.

उन्हाळा गेला, पाऊस आला. वऱ्हांड्यात गाद्या टाकायला ऊनच नसे, त्यामुळे कोण गेलं ते सकाळी कळत नव्हतं. मथुराबाईंची खाट एका सकाळी रिकामी होती. मी नर्सबाईंना काही विचारलं नाही.

माझा ताप उतरला होता. वजन चढत होतं. डॉक्टरांनी नवा फोटो जुन्याशेजारी धरला आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "बाई, तुम्ही सुया पूर्ण केल्या म्हणून हे दिसतं आहे." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खाली काहीतरी गार होतं.

गोदाच्या घरी

अकोल्याला आले तेव्हा मुलगी माझ्याकडे आली नाही. दाराआडून बघत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "जा, तुही माय हाय ते." ती गेली ती त्यांच्याच पायांमागे. मी तिला ओढून घेतलं नाही. हेही शिकावं लागतं.

जेवण झाल्यावर मी ह्यांना म्हणाले, "आता सांगा."

त्यांनी सांगितलं. गोदाला तोच रोग होता. माझ्यामागोमाग तिच्या थुंकीत रक्त आलं. तोवर फंडात एकीच्याच सुयांपुरतं उरलं होतं. राहिलेल्या बाया लिंबाखाली बसल्या. माझ्या सुया निम्म्यावर होत्या, मध्ये सोडल्या तर आधीच्याही वाया जाणार होत्या. गोदाच्या सुरूच व्हायच्या होत्या. नव्या हंगामात पैसा जमेल, मग गोदाचं करू, असं ठरलं. गोदानेच आधी हात वर केला. ती आता मूर्तिजापूरच्या पलीकडे, भावाच्या गावी होती.

आम्ही गेलो. मूर्तिजापूरला उतरून छोट्या गाडीने, मग पायी. ती गाडी एवढी सावकाश जाते की एरवी माणसं उतरून चालतात आणि हसतात. त्या दिवशी मला वाटत होतं, तिने आणखी सावकाश जावं.

भावाने तिला गोठ्याच्या पडवीत ठेवलं होतं. वाईट ठेवलं नव्हतं. खाट होती, पाण्याचा माठ होता, वरून फारीचं जाडंभरडं कापड टाकलेलं. पण खाटेवर जे होतं त्याला मी ओळखलं ते आवाजावरून.

"आली का वं? जाड झाली."

मी खाटेपाशी बसले. बोलायचं ठरवून आले होते ते सगळं गेलं. मी म्हणाले, "गोदा, तू माह्यासाठी हात वर केला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोनं सांगितलं तुह्यासाठी केला?"

"यायनं."

"त्यायले काय माहीत. सगळ्या बसल्या होत्या गोल. कोनी बोलेना. सगळ्या माह्याकडं पाहून राहिल्या होत्या, यमुने. सगळ्या. मी नसता केला तं त्यायनं काय केलं असतं? मले तोंडावर सांगा लागलं असतं त्यायले. मले ते ऐकायचं नवतं, म्हनून केला." तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "मले मरायचं नाई वं. लोक सांगतीन गोदा लय मनाची मोठी होती. तू तसं सांगू नको."

मी तिचा हात धरला. तो एवढा हलका होता की धरला आहे असं वाटत नव्हतं.

"नवा हंगाम दोन महिन्यांवर हाय," मी म्हणाले. "मी स्वतः जाते देवरावबाबूकडं. त्यायच्या फंडात पडून हाय म्हंते. उसनं मागते."

"माग," ती म्हणाली. "मागून पाह्य."

मी मागितलं. हे खरं सांगते. देवरावबाबूंनी आपल्या लोकांना बोलावलं, माझ्यासमोर विषय काढला आणि स्वतः माझ्या बाजूने बोलले. पण त्यांच्याच नियमावर त्यांचेच लोक उभे होते. "आज एकीले दिलं तं उद्या सगळ्या येतीन. मंग वेगळं कशाले झालो?" एक तरुण फिटर म्हणाला. त्याचं गणित चुकलं नव्हतं. देवरावबाबूंनी मान खाली घातली. पुढे त्या लोकांनी प्रेसवाल्यांनाही बाहेर काढलं, कारण त्यांचे हात फार मोडतात. मग ऑफिसातल्या वय झालेल्यांना. शेवटी त्यांच्याकडे पैसा पुष्कळ होता आणि माणसं मोजकीच. देवरावबाबूंच्या मुलीचा फोटो स्वच्छ निघाला होता. त्याचं मला बरंच वाटलं, आजही वाटतं.

गोदा हंगाम सुरू व्हायच्या आत गेली.

जे झालं ते

मी पुन्हा रेच्यावर उभी राहिले. डॉक्टर नको म्हणाले होते. दुसरं काम कोण देणार होतं? गोदाच्या जागी दुसरी बाई आली होती, तिच्याशी बोलायला मला पूर्ण हंगाम लागला.

चाचांनी फंड पुन्हा मांडला. यावेळी एक गोष्ट मी अडून करून घेतली. पडलेल्या माणसाचं ठरवायचं असेल तेव्हा त्याला सभेत बसवायचं नाही. त्याच्या डोळ्यांत बघून त्याच्याकडूनच त्याचा हक्क सोडवून घ्यायचा नाही. चाचा म्हणाले, "त्याले न विचारता ठरवनं बी बरोबर नाई बेटी." मी म्हणाले, "मंग कोनाले द्यायचं हे ठरवाची पाळीच येऊ नये, एवढं फंडात ठेवू." त्यासाठी सगळे हवेत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. निम्मे आले. प्रेसवाले आले, काढून टाकलेले म्हातारे बाबू आले. तरणे कमी आले.

आता सरकारी दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या फुकट मिळतात. खोकला राहिला तर लपवू नका, थुंकी तपासा, गोळ्या पूर्ण खा. कान वाजले तर डॉक्टरांना सांगा. मुलांना दूर ठेवा आणि दुरून त्यांच्याशी बोलत राहा, माझी मुलगी मला आई म्हणाली तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. एवढं सांगितलं की माझ्याकडे आलेल्या माणसाचं काम झालेलं असतं.

पण एक गोष्ट अजून त्यांना सांगितलेली नाही. चाचा गेल्या साली वारले. फंड आता नव्या माणसांच्या हातात आहे, शिकलेल्या, हुशार माणसांच्या. आज पगाराच्या रांगेत त्यांतला एक जण मला नमस्कार करून, अगदी आदराने म्हणाला, "मावशी, तुमी मनावर घेऊ नका. पन ज्यायले एकदा छातीचा रोग होऊन गेला, त्यायचं वेगळं करावं म्हनून विचार चालू हाय. तो पुन्हा उठू शकते म्हंतात ना."

मी विचारलं, "सभा कवा?"

"उद्या, जेवनाच्या सुट्टीत. तुमी नाई आल्या तरी चालते मावशी. तुमाले बरं वाटनार नाई."

मी जाणार आहे. वस्तीत या रोगातून उठलेले असे आम्ही किती आहोत ते मी मनात आठवते आहे. सगळ्यांच्या घरी जाऊन सांगायला आजची संध्याकाळ पुरेल की नाही, तेवढाच प्रश्न आहे.